बंदराचे शहर आणि लाल बस

बेळगावच्या उद्यमबागेत पाळी सुटली की बसथांब्यावर जी रेटारेटी होते, तिचे थोरले रूप म्हणजे मुंबई. पोटासाठी तिथे गेलेल्या, धोबीतलावच्या कुडात राहिलेल्या आपल्या गोंयकारांनीही ते अनुभवले आहे. गोदी, बाजार, कचेऱ्या बेटाच्या दक्षिणेला. राहायला जागा मिळाली ती उत्तरेला. म्हणून सकाळी सगळी गर्दी एकाच दिशेला.

९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. १९०७ साली ती विजेवर धावू लागली. पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. १९३७ साली दुमजली बस आली, म्हणजे रस्ता तेवढाच, माणसे अधिक. ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा कारभार खाजगी कंपनीकडून महापालिकेकडे आला. ३१ मार्च १९६४ला ट्राम संपली, १५ सप्टेंबर २०२३ला डिझेलवरची दुमजली बसही.

आता बेस्टच्या ताफ्यात कंत्राटदारांच्याच गाड्या अधिक. मे २०२५मध्ये किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. बस तोट्यात चालते असे म्हणतात. पण तिच्यामुळे जो हमाल, जो कारकून वेळेवर कामाला पोचतो, त्याची जमा कोणत्या वहीत मांडायची? १९८० साली स्थापन झालेल्या आपल्या कदंबबद्दलही हाच प्रश्न विचारायला हवा.