हत्यार गेलं, आखाडा राहिला

मंडळी, आपल्या या मावळातला गडी पावसाळ्यात भात लावायचा आणि दसऱ्यानंतर मोहिमेवर निघायचा. दांडपट्टा ही त्याची हौस नव्हती, भाकरी होती. १८१८ ला पेशवाई बुडाली. १८७८ च्या कायद्यानं हत्याराला परवाना लागू लागला. पोटाचं कारण गेलं, तरी आखाडे राहिले. का बरं?

जगन्नाथ गणेश गुणे १९०७ ते १९१० बडोद्याला माणिकरावांकडे व्यायामविद्या शिकले. तेच पुढे स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी इथं लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासले. समोर शत्रू नव्हता, तरी साधना सुटली नाही.

आज आपली नातवंडं कुणी कराटेला जातात, कुणी लाठीला. त्यांना कुणाशी लढायचंय? आम्हाला विचाराल तर, स्वतःच्या भीतीशी. ही झुंज त्या मावळ्यालाही चुकली नव्हती.