धर्माचा रकाना

जर्मनीत चार वर्षं काढल्यावर नोकरी बदलली आणि मी अॅमस्टरडॅमला आलो. घरातलं सामान लावायच्याही आधी एक काम होतं, नगरपालिकेत रहिवासी म्हणून नाव नोंदवणं. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून जास्त राहायचं असेल, तर आल्यापासून पाच दिवसांत ही नोंद करावी लागते. पासपोर्ट, भाडेकरार आणि अपोस्टिल केलेला जन्मदाखला घेऊन गेलो. या नोंदीतून नागरी सेवा क्रमांक मिळतो. तो नसला की पगार, विमा, बँक सगळं अडून बसतं.

वीस मिनिटांत काम झालं. संध्याकाळी अब्बांचा फोन आला.

"झालं का रे काम?"

"झालं, अब्बा."

"धर्म विचारला का?"

"नाही. इथल्या अर्जात तो रकानाच नाही."

"जर्मनीत तर होता म्हणाला होतास."

होता. तिथे घर बदलल्यावर दोन आठवड्यांत नोंद करायची आणि त्या अर्जात धर्माचाही प्रश्न असतो. कारण कराचं आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचा सदस्य असेल, तर त्याच्या आयकरावर आठ किंवा नऊ टक्के चर्च-कर लागतो आणि तो सरकारच गोळा करतं. मुसलमानांसाठी असा कर नाही, म्हणून मी तो रकाना कोरा सोडला होता. आपल्याकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरही धर्म-जात लिहिलेली असते, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

अब्बांना मात्र असे प्रश्न पडतात. 2019 मध्ये आसामच्या नागरिक नोंदणीतून 19 लाखांहून अधिक लोक बाहेर राहिले, तेव्हा त्यांनी घरातले सगळे कागद पत्र्याच्या पेटीत गोळा केले. माझ्या जन्मदाखल्यावरचं चुकलेलं नाव त्यांनी तेव्हाच हेलपाटे घालून दुरुस्त करून आणलं. इथल्या खिडकीवर मी दिला तो हाच दाखला.

धर्माचा रकाना इथे आज नाही, पण एकेकाळी होता. त्याची कहाणी प्लांताज केर्कलान या रस्त्यावर, आर्टिस प्राणिसंग्रहालयाच्या शेजारी वाचायला मिळते. पुढच्या रविवारी मी तिथे गेलो.

या देशात 1850 पासून प्रत्येक गावात लोकसंख्येची कायमची नोंदवही आहे. 1930 च्या दशकाच्या अखेरीस वहीच्या जागी प्रत्येक माणसाचं वेगळं कार्ड आलं. त्यावर नाव, जन्म, पत्ता आणि धर्मही असे. त्या काळी इथे कॅथलिकांच्या आणि प्रोटेस्टंटांच्या शाळा, वर्तमानपत्रं, कामगार संघटना वेगवेगळ्या होत्या. त्यामुळे हा रकाना कोणाला खटकत नव्हता. भरणाऱ्यांच्या आणि लिहून घेणाऱ्यांच्या मनातही काही काळंबेरं नव्हतं.

मे 1940 मध्ये जर्मन फौजा आल्या. जानेवारी 1941 मध्ये हुकूम निघाला की, आजी-आजोबांपैकी एकही ज्यू असेल त्याने स्वतंत्र नोंद करावी. त्यासाठी एक गिल्डर शुल्कही घेतलं गेलं. बहुतेकांनी नियमाप्रमाणे नोंद केली. नाव तर आधीच सरकारदरबारी होतं, लपवून काय उपयोग? नोंदणी खात्याचे प्रमुख याकोब लेंट्स यांनी बनावट करायला अतिशय अवघड असं ओळखपत्र तयार केलं. पुढे ज्यू लोकांच्या ओळखपत्रावर 'जे' अक्षर उमटवलं गेलं. लेंट्स हे कामात नेकीचे, आपल्या पद्धतीचा अभिमान असलेले अधिकारी होते. युद्धानंतर त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली.

देशात सुमारे एक लाख 40 हजार ज्यू होते. त्यांतले एक लाखाहून अधिक मारले गेले, म्हणजे चारांतले तीन. फ्रान्समध्ये हे प्रमाण चारांत एक होतं. तिथल्या जनगणनेत 1872 नंतर धर्म विचारलाच गेला नव्हता. फरकाचं हे एकमेव कारण नव्हे. भूगोल, कारभार, लपायला जागा, अशी बरीच कारणं इतिहासकार सांगतात. पण नीट लावलेली कार्डं हे त्यांतलं एक कारण होतंच.

अॅमस्टरडॅमची ही कार्डं प्लांताज केर्कलानवरच्या इमारतीत होती. 27 मार्च 1943 च्या रात्री पोलिसांच्या वेशात काही जण आत शिरले. चित्रकार विलेम अरोंडेयुस आणि शिल्पकार खेरिट व्हान डर वेन त्यांचे म्होरके होते. पहारेकऱ्यांना त्यांनी इंजेक्शन देऊन झोपवलं आणि बाहेर नेऊन ठेवलं, कारण कोणाचा जीव घ्यायचा नव्हता. मग कार्डांचे ढीग करून आग लावली. अग्निशामक दलानेही सावकाश यायचं ठरवलं आणि आल्यावर पाणी मात्र भरपूर मारलं, म्हणजे उरलेले कागद भिजून जावेत. तरीही कार्डांचा थोडाच हिस्सा नष्ट झाला. कोणीतरी फितूर झालं आणि 1 जुलैला अरोंडेयुससह बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या.

ओळखपत्रांची प्रत हेगमध्ये क्लेकाम्प नावाच्या वाड्यात ठेवलेली होती. एप्रिल 1944 मध्ये ब्रिटिश विमानांनी तो वाडा बॉम्बने उडवला. त्यात सुमारे साठ माणसं मेली. एक दफ्तर जाळण्यासाठी एवढी किंमत मोजावी लागली.

भिंतीवरच्या फलकासमोर उभा असताना माझ्या खिशात नव्या क्रमांकाचा कागद होता. त्या क्रमांकामुळेच मला इथे डॉक्टर मिळणार आहे, त्यामुळे नोंदणीलाच दोष देणं मला जमणार नाही. बिननोंदीच्या माणसाचे काय हाल होतात, तेही आपण जाणतो. पण रकाना भरून घेणारा आणि पुढे तो वाचणारा एकच असेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून अर्ज भरताना 'हे कशाला हवं?' असं विचारणं उद्धटपणा नव्हे.

रात्री अब्बांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तो जन्मदाखला परत घेतलास ना? जपून ठेव."

"घेतला, अब्बा."