खांद्यावरचा प्रवास

कॅनडातील आदिवासी बर्चच्या सालीची हलकी होडी खांद्यावर उचलून एका जलमार्गावरून दुसऱ्यावर नेत. नंदुरबारात नर्मदा आणि तापी यांच्यामध्ये सातपुडा उभा आहे. त्यातले अस्तंबा शिखरच १३०० मीटरहून उंच. असा डोंगर ओलांडून होडी नेता येत नाही, म्हणून इथे होडी पाण्यातच राहते, खांद्यावर येतो तो माणूस. नर्मदेवरील सरदार सरोवर धरणाच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे आली. मणिबेली, चिमलखेडी अशा काठच्या गावांना बोट हाच रस्ता झाला. तरंगता दवाखानाही याच पाण्यावरचा. पण पाड्यापासून काठापर्यंत आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला बांबूच्या झोळीतूनच उतरवावे लागते. इथला ‘खांद्यावरचा प्रवास’ तो हाच. जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, पाणी उतरले की काठ दूर सरतो आणि झोळीवाल्यांची पायपीट गाळातून, उभ्या उतारावरून आणखी वाढते.