पर्सियस : एका साक्षीदाराची गोष्ट

मंडळी, जहाज बुडतं तेव्हा ते पाहणारं कुणीतरी असण्याची शक्यता असते. पाणबुडी मुळातच नजरेआड असते. मग तिचा इतिहास लिहायचा कशाच्या आधारे? आज आपण ब्रिटनच्या ‘पर्सियस’ या पाणबुडीच्या निमित्ताने हा प्रश्न पाहू.

6 डिसेंबर 1941 च्या रात्री, ग्रीसच्या केफालोनिया बेटाजवळ, इटालियन सुरुंगावर आदळून ती बुडाली. आत 61 माणसं होती. वाचला एकच : जॉन केप्स. तो पाणबुडीवर प्रवासी म्हणून होता, त्यामुळे खलाशांच्या यादीत त्याचं नावही नव्हतं.

त्याने सांगितलं ते असं. तो मागच्या भागात होता. तीन जखमींना त्याने श्वसनाची उपकरणं चढवली. मग तो भाग पाण्याने भरू दिला, कारण आतला आणि बाहेरचा दाब सारखा झाल्याशिवाय झडप उघडत नाही. आधी रमचा एक घोट घेतला. खोलीमापक 270 फूट दाखवत होता. उपकरण मात्र जेमतेम 100 फुटांपर्यंत पारखलेलं. तिघे वाचले नाहीत. केप्स पोहत बेटावर पोचला. बेट शत्रूच्या ताब्यात होतं, तरी गावकऱ्यांनी जीव धोक्यात घालून त्याला सुमारे 18 महिने घरोघर लपवलं आणि 1943 मध्ये होडीने तुर्कस्तानला पोचवलं.

ब्रिटिश सरकारने त्याला पदक दिलं. पण शंका उरलीच. यादीत नाव नाही, दुसरा साक्षीदार नाही, आणि गडी गोष्टी रंगवून सांगण्यात पटाईत! 1985 मध्ये केप्स वारला, तेव्हाही काही जण त्याच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते.

पुढे 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात कोस्टास थोक्टारिडिस या ग्रीक पाणबुड्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अवशेष शोधले. मागची झडप उघडी होती. आत रमची बाटलीसुद्धा होती! खोली मात्र निघाली 52 मीटर, म्हणजे साधारण 170 फूट.

मग केप्स खोटं बोलला का? नाही. मापकच चुकीचा होता. त्याने काट्यावर दिसलं तेच सांगितलं. इथे आपल्याला थांबायला हवं. साक्षीतला एक आकडा चुकला म्हणून आपण अख्खी साक्ष मोडीत काढतो, किंवा साक्ष खरी ठरली म्हणून तिच्यातला प्रत्येक आकडा खरा धरतो. दोन्ही घाई झाली. माणूस प्रामाणिक असूनही चुकीचं सांगू शकतो, हे ध्यानात ठेवूनच आपण साक्ष तपासायची.

दुसरा साक्षीदार समुद्राच्या तळाशी होता. तो बोलेपर्यंत पहिल्याचं आयुष्य सरलं होतं.