सातपुड्याचा वणवा

फाल्गुन लागला कीं बुलढाणा जिल्ह्याचे डोंगर वाळून करकरीत होतात. उत्तरेस जळगांव-जामोद व संग्रामपूर तालुक्यांवरील सातपुडा, पूर्णेच्या दक्षिणेस अजिंठ्याची रांग व तींतील ज्ञानगंगेचें रान. सागाचा पाचोळा आणि उंच गवत, एवढें जळण तेथें आयतेंच पडलेलें असतें.

ठिणगी बहुधा माणसाचीच. मोहाचीं फुलें वेचतां यावींत म्हणून झाडाखालचा पाला जाळावा, नवें गवत फुटावें म्हणून कुरण पेटवावें, ही जुनी वहिवाट. इंग्रजी अमदानींत ती गुन्हा ठरली. १९२७ च्या वनकायद्यानें राखीव रानांत आग लावणाऱ्यास शिक्षा सांगितली, आणि रानांत हक्क असणाऱ्यांवर आग विझविण्यास मदत करण्याची सक्तीहि घातली.

मौज अशी कीं, सरकारी उपायहि अग्नीचाच! सातपुड्याच्याच पूर्वभागीं, मध्यप्रांतांतील बोरीच्या रानांत, १८६३-६४ सालीं पिअर्सन नांवाच्या अधिकाऱ्यानें वणव्यापासून जंगल राखण्याचा आरंभीचा प्रयत्न केला. पुढें वनखात्यानें जाळरेषा रूढ केल्या. म्हणजे रानांत पट्टे आखून त्यांवरील गवत उन्हाळ्यापूर्वींच जाळून टाकावयाचें. पट्ट्याशीं आलेल्या वणव्यास मग खाद्य उरत नाहीं.

डोंगरांतल्या वस्तीनेंहि हेंच करावें. घराभोवतालचें व कडब्याच्या गंजीभोवतालचें गवत माघांतच खरडून काढावें. लहान आग हिरव्या डहाळ्यांनीं कडेनें झोडपावी. परंतु आगीच्या वरच्या चढावर कोणीं उभें राहूं नये, कारण ज्वाळा चढावर झपाट्यानें धावतात. २००४ पासून उपग्रहांच्या साह्यानें वणव्याची वर्दी वनखात्यांस मिळूं लागली आहे. डहाळी घेऊन प्रथम पोंचणारीं माणसें मात्र अद्याप पायथ्याच्या गांवचींच असतात.