पूर्णा, शिंका आणि 'स्टेरॉइड' नावाचा बागुलबुवा



गेले दोन वीकांत इथे काही लिहिलं नाही. कारण एका शब्दात: शिंका. सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा, मग आंघोळीनंतर तेवढ्याच, आणि हापिसात पोचल्यावर मोजायचं सोडून द्यावं इतक्या.

हल्ली माझं हापिस म्हणजे पूर्णा. ठाण्याहून बाळकुम सोडून कशेळीचा पूल ओलांडला की काल्हेर आणि मग पूर्णा. भिवंडी म्हटलं की अजूनही लोकांना यंत्रमागाचा खडखडाट आठवतो, पण या पट्ट्यात बघाल तिकडे गोदामं. जकातीच्या काळात मुंबईच्या हद्दीबाहेर माल ठेवणं परवडायचं, म्हणून इथे गोदामं उभी राहिली. २०१७ साली जीएसटी आला, जकात गेली, गोदामं मात्र वाढतच राहिली. अशाच एका गोदामात मालाची नोंद ठेवणारी प्रणाली आम्ही बसवतोय. म्हणजे मी दिवसभर पुठ्ठ्याच्या खोक्यांमध्ये, धुळीत. आणि जरा मोकळी हवा खायला बाहेर आलं, तर शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर कमरेएवढं गाजरगवत, पांढऱ्या फुलांनी डवरलेलं.

शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला. घरी आलो, बाटली टेबलावर ठेवली. आमची आई निवृत्त शिक्षिका, छापील काही दिसलं की वाचल्याशिवाय सोडत नाही. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली, आतला कागद उलगडून वाचला आणि म्हणाली, "अरे, हे स्टेरॉइड आहे. मामाचं काय झालं ते विसरलास का?"

विसरलो नव्हतो. मामाला सांधेदुखी. कोणीतरी दिलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या त्याने कित्येक वर्षं, कुणालाही न विचारता घेतल्या. आधी जादू झाल्यासारखा चालायला लागला. मग चेहरा गोल झाला, साखर वाढली, आणि एक दिवस बाथरूममध्ये साधं घसरायचं निमित्त होऊन खुब्याचं हाड मोडलं. त्या गोळ्या स्टेरॉइडच्या होत्या, हे घरात सगळ्यांना तेव्हा कळलं. त्यामुळे आईची भीती ऐकीव नव्हती, पाहिलेली होती. तिला 'काही होत नाही गं' असं म्हणून उडवून लावणं मला जमेना. बाटली तशीच ठेवली आणि वीकांताला वाचायला बसलो. हा लेख म्हणजे त्या वाचनाची कहाणी.

गवतही नाही, तापही नाही

सुरुवात लंडनला होते. १८१९ साली जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरने तिथल्या वैद्यकीय सभेत एका रुग्णाची हकिगत वाचली. वय ४६, आडनाव नाही, फक्त 'जे. बी.'. दर जूनमध्ये डोळे खाजतात, नाक वाहतं, शिंका येतात, छाती भरते, आणि लहानपणापासून हे चालू आहे. हा जे. बी. म्हणजे खुद्द बोस्टॉकच! त्याला हे इतकं दुर्मिळ वाटलं की पुढच्या नऊ वर्षांत त्याला असे जेमतेम २८ रुग्ण सापडले. लोक याला 'हे फीवर' म्हणू लागले, कारण वाळलेल्या गवताच्या दिवसात हा त्रास व्हायचा. बोस्टॉकला मात्र ते पटत नव्हतं, त्याचा संशय उन्हाळ्याच्या उष्म्यावर होता.

खरा चोर पकडला मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी. तेही याच त्रासाचे रुग्ण. त्यांनी चिकट काचपट्ट्या लावून हवेतले परागकण मोजले, इतकंच नाही तर पतंगाला पट्ट्या बांधून त्या उंच आकाशात पाठवल्या आणि तिथेही पराग असतात हे दाखवलं. स्वतःच्या कातडीला ओरखडा काढून त्यावर पराग लावून पाहिले. १८७३ साली त्यांचं पुस्तक आलं. म्हणजे या आजाराचं संशोधन बराच काळ शिंकणाऱ्या डॉक्टरांनीच पुढे नेलं. आमच्यात म्हणतात तसं, ज्याला बग छळतो तोच तो शोधतो. :)

आपल्याकडे बर्च किंवा टिमोथी गवत नाही, पण आपली सोय आपण करून घेतली आहे. ते पूर्णातलं गाजरगवत मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात ते पहिल्यांदा ठळकपणे नोंदलं गेलं १९५५ च्या सुमारास, तेही आपल्या पुण्यात. आयात गव्हाबरोबर आलं असं मानतात, आणि त्याला 'काँग्रेस गवत' असंही म्हणतात. त्याचे पराग नाकाला छळतात आणि पानं कातडीला. शिवाय किनारपट्टीच्या दमट हवेत गादी-उशीत वाढणारे, डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे आहेतच. म्हणून इथे बहुतेकांचा त्रास एका मोसमापुरता राहत नाही, आणि आपण त्याला 'धुळीची अ‍ॅलर्जी' म्हणून मोकळे होतो. नाकाच्या आत घडतं ते मात्र दोन्हीकडे सारखंच. निरुपद्रवी कणाला शरीर शत्रू समजतं, हिस्टामीन सुटतं (त्याने शिंका आणि पाणी), आणि काही तासांनी सूज आणणाऱ्या पेशींची फौज येऊन नाकात तळ ठोकते. सेटिरिझिनसारखी गोळी हिस्टामीनला अडवते. तळ ठोकलेल्या फौजेला हलवायला वेगळं औषध लागतं, आणि ते म्हणजे स्टेरॉइड.

जादू आणि तिची किंमत

सप्टेंबर १९४८. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सांधेवाताने अंथरुणाला खिळलेली एक २९ वर्षांची बाई. डॉ. फिलिप हेंच यांनी तिला 'कंपाउंड ई' नावाच्या पदार्थाची इंजेक्शनं सुरू केली. काही दिवसांत ती उठून चालायला लागली, बाजारात खरेदीला गेली! हा पदार्थ म्हणजे कॉर्टिसोन. दोनच वर्षांत, १९५० साली, हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन यांना नोबेल मिळालं.

मला इथे मामाच आठवला. तोही असाच उठून चालायला लागला होता.

आणि पुढेही तेच झालं. महिन्यामागून महिने कॉर्टिसोन घेणाऱ्यांचे चेहरे चंद्रासारखे गोल झाले, हाडं ठिसूळ झाली, साखर वाढली. शरीरात मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथी स्वतःचं स्टेरॉइड रोज बनवत असतात. बाहेरून भरपूर मिळू लागलं की त्या काम थांबवतात. (म्हणूनच अशा गोळ्या बरेच दिवस घेणाऱ्याने त्या मनाने एकदम बंदही करायच्या नसतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. हे वाक्य कृपया दोनदा वाचा.) म्हणजे आईला जे मामामुळे कळलं, ते जगातल्या डॉक्टरांना १९५० च्या दशकात कळून चुकलं होतं. 'स्टेरॉइड' हा शब्द बदनाम झाला तो उगाच नाही.

मधल्या काळात हे औषध स्वस्त कसं झालं, ही गोष्टही मजेशीर आहे. सुरुवातीला कॉर्टिसोन बैलाच्या पित्तापासून, तीसहून जास्त पायऱ्यांनी बनवत. मग रसेल मार्कर नावाचा रसायनशास्त्रज्ञ मेक्सिकोच्या जंगलात गेला आणि तिथल्या रानटी कंदांतल्या डायोस्जेनिनपासून स्टेरॉइड संप्रेरकं बनवता येतात हे त्याने दाखवलं. हे कंद आपल्या कोनफळाच्या आणि करांद्याच्या भावकीतले! भारतातही हा धागा पोचला तो आपल्या शेजारीच. सिप्ला कंपनीच्या विक्रोळीच्या कारखान्यात १९६१ साली डायोस्जेनिन बनायला लागलं आणि त्यातून पुढे स्टेरॉइड. विक्रोळी ते पूर्णा, रस्ता मोकळा असेल तर तासाभराचं अंतर. (रस्ता मोकळा असेल तर!)

भीतीनेच बनवलेलं औषध

आता मुद्द्याचं. डॉक्टरांपुढे प्रश्न असा होता: औषध उत्तम आहे, पण ते सगळ्या शरीरात फिरतं. त्रास फक्त नाकात, तर औषध फक्त नाकात ठेवता येईल का?

आधी सरळ प्रयत्न झाले. डेक्सामेथासोन नाकात फवारून पाहिलं. नाक सुटलं, पण औषध नाकातून रक्तात जाऊन जुनेच दुष्परिणाम दिसू लागले. म्हणजे नुसता रस्ता बदलून भागणार नव्हतं, रेणूच बदलायला हवा होता.

वाट सापडली कातडीच्या मलमांतून. १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी एक साधी चाचणी सांगितली: हाताच्या कातडीवर औषधाचा थेंब लावायचा, झाकायचं, आणि दुसऱ्या दिवशी कातडी किती पांढरी पडते ते बघायचं. जितकी पांढरी, तितकं औषध जागच्या जागी प्रभावी. बेटनोव्हेटची ट्यूब आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कधी ना कधी आली असेल, त्यातला रेणू याच काळातला. त्याचाच भाऊबंद बेक्लोमेथासोन. तोही आधी मलमात होता. ग्लॅक्सोच्या गटातल्या डेव्हिड जॅक यांच्या चमूने त्याचा फवारा बनवला, १९७२ मध्ये मॉरो ब्राउन आणि सहकाऱ्यांनी तो दम्यात उपयोगी पडतो हे छापलं, आणि १९७३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स मुगिंड यांनी तोच फवारा हे फीवरच्या रुग्णांच्या नाकात वापरून पाहिला. नाकं सुटली, आणि चंद्रमुख नाही. गोळीच्या धक्क्यानंतर साधारण पाव शतकाने!

आपल्याकडे १९७२ पासून लागू झालेल्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळत असे. (२००५ मध्ये हे बदललं.) त्यामुळे भारतीय कंपन्यांना अशी औषधं वेगळ्या वाटेने बनवता आली. सिप्लाने दम्याचे फवारे १९७६ मध्येच आणले होते.

पुढची पिढी फ्लुटिकासोन, १९९० च्या आसपास. माझ्या बाटलीत तेच आहे. नाकात फवारलेलं बरंचसं औषध घशातून पोटात जातं. हा रेणू असा आहे की पोटातून तो यकृतात पोचला की यकृत त्याला जवळजवळ पूर्ण मोडून टाकतं. एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम, मोठ्या माणसाला सुरुवातीला प्रत्येक नाकपुडीत दोन, म्हणजे दिवसाला २०० मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचा पाच हजारावा भाग. नुसत्या वजनाची गोळीशी तुलना बरोबर नाही, कारण हा रेणू फार तीव्र आहे. खरी तुलना रक्तात किती जातं याची. मामाच्या गोळीसारख्या गोळीतलं बहुतेक औषध रक्तात जातं, या फवाऱ्यातलं दोन टक्क्यांपेक्षा कमी.

मला यातली गंमत कळली ती इथे. आईला ज्याची भीती वाटते, नेमकी तीच भीती हे औषध बनवणाऱ्यांना होती. मामाचं जे झालं ते होऊ नये, हीच त्यांची मूळ अट होती. त्या भीतीवर पंचवीस-चाळीस वर्षं काम केलं की ही बाटली तयार होते.

मग लोक 'उपयोग नाही' का म्हणतात?

कारण जादू नाही म्हणून. नाक मोकळं करणारे ते दुसरे थेंब (झायलोमेटाझोलीनवाले) पाच मिनिटांत काम करतात, पण ते काही दिवसांपेक्षा जास्त ओढले की नाक उलट जास्त चोंदतं आणि थेंबांची सवय लागते. स्टेरॉइडचा फवारा उलटा: सुरुवात बारा तासांनी किंवा काही दिवसांनी, पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे, आणि तोही रोज मारला तर. शिंक आली की एकदा मारायचा, असा त्याचा उपयोग नाही.

मारायची पद्धतही मी आठवडाभर चुकवत होतो. मान मागे टाकायची नाही, किंचित पुढे झुकवायची. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्याने उजव्या, आणि तोंड बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने. मधल्या पडद्यावर मारत राहिलात तर तिथे कोरडेपणा येतो, रक्त येतं. आणि जोरात ओढायचं नाही, नाहीतर सगळं घशात. (ओढलंत तर कळेलच, काही फवाऱ्यांना गुलाबासारखा वास असतो, आणि मागून येणारी चव मात्र गुलाबाची नाही!)

धोका शून्य आहे का? नाही. घुळणा फुटू शकतो. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल, नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, किंवा दुसरी स्टेरॉइडं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवं. मामाची चूक गोळी घेण्यात नव्हती, कुणालाही न विचारता वर्षानुवर्षं घेत राहण्यात होती. ती फवाऱ्याच्या बाबतीतही करू नये.

असो. तिसऱ्या आठवड्यात माझ्या शिंका दोन-तीनवर आल्या. पूर्णाच्या गोदामात मास्क लावतो, प्लॉटवरचं गाजरगवत तसंच आहे.

आईला हे सगळं एका रात्री जेवताना सांगितलं. तिने ऐकून घेतलं, मग विचारलं, "म्हणजे मामाच्या वेळी कोणी हे सांगायला असतं तर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जरा वेळाने तीच म्हणाली, "माझं नाक सकाळी चोंदतं, त्यालाही चालेल का रे?" पंधरा वर्षं ती रोज ते दुसरे थेंब घालते आहे, हे मला इतकी वर्षं शेजारच्या खोलीत राहून ठाऊक नव्हतं.

येत्या शनिवारी तिला डॉक्टरांकडे घेऊन जातोय. तो कागद तिने पर्समध्ये घालून ठेवला आहे, तीन ठिकाणी पेन्सिलीने खुणा करून.