गोव्याने मोबाईल ॲपच्या मदतीने रेबीज कसा आटोक्यात आणला?

मागच्या हिवाळ्यात माझा चुलतभाऊ रात्री दुकान बंद करून घरी येत होता आणि गुलमंडीतच त्याला कुत्रं चावलं. पोटरीवर दोन दात. घरी कोणी हळद काढली, कोणी तिखट. "एवढंसं तर लागलंय, सकाळी बघू," काका म्हणाले. काकूने मात्र कोणाचं न ऐकता त्याला नळाखाली उभं केलं, साबण हातात दिला आणि मग आम्ही थेट घाटीत गेलो. आज तो ठणठणीत आहे.

त्यानंतर मी रेबीजबद्दल वाचायला घेतलं. माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे एका गोष्टीवर नजर अडकली: या रोगाविरुद्ध आपल्या देशातलं एक मोठं यश मोबाईल ॲपच्या जोरावर मिळालंय, तेही शेजारच्या गोव्यात.

रेबीज म्हणजे नेमकं काय?

रेबीज हा विषाणू पिसाळलेल्या प्राण्याच्या लाळेतून जखमेत शिरतो आणि नसांमधून हळूहळू मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला साधारण दोन-तीन महिने लागतात. कधी आठवडाभर, कधी वर्षाहून जास्त. तेवढ्या वेळात लस घेतली तर माणूस वाचतो. पण पाण्याची भीती वाटणं यासारखी लक्षणं एकदा दिसली, की मृत्यू जवळजवळ १०० टक्के.

आयसीएमआरच्या शास्त्रज्ञांनी २०२२-२३ मध्ये देशभर घरोघरी सर्वेक्षण केलं. त्यांच्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात आणि सुमारे ५,७०० जण रेबीजने मरतात. कुत्रा चावलेल्या दर पाचपैकी साधारण एकाने लस घेतलेलीच नव्हती.

मग लस कुत्र्यांना का द्यायची?

माणसाला चावल्यानंतर लस देणं म्हणजे प्रत्येक वेळी क्रॅश झाल्यावर ॲप रीस्टार्ट करणं. बग तसाच राहतो. इथे तो बग कुत्र्यांमध्ये फिरत असतो.

एक पिसाळलेला कुत्रा सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना रोग देतो. म्हणून परिसरातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, की साखळी तुटते. कुत्रे मारून हे होत नाही, कारण मोकळ्या जागेत लस न घेतलेले नवे कुत्रे येतात. माणूस आणि प्राणी यांच्या आरोग्याचा असा एकत्र विचार करण्याला 'वन हेल्थ' म्हणतात.

ॲप नेमकं काय करत होतं?

गोवा सरकार आणि 'मिशन रेबीज' ही संस्था यांच्या मोहिमेत काम साधारण असं चालायचं:

१. नकाशा: ऑफिसमधून शहराचे छोटे तुकडे पाडले जायचे. टीमच्या फोनवर त्या दिवसाच्या तुकड्याची हद्द दिसायची.

२. नोंद: पाळीव कुत्र्यांसाठी घरोघर जायचं, भटके कुत्रे जाळीने पकडायचे. लस दिली, की जीपीएसच्या जागेसह नोंद करायची आणि कुत्र्याच्या अंगावर रंगाची खूण करून त्याला सोडून द्यायचं.

३. पडताळणी: नंतर त्याच गल्ल्यांत फिरून रंगवाले आणि बिनरंगाचे कुत्रे मोजायचे. १० पैकी ७ रंगवाले दिसले तर ७० टक्के. कमी भरले तर टीम परत त्याच गल्लीत.

माझ्या मते तिसरी पायरी सगळ्यात महत्त्वाची. "किती लसी दिल्या" हा आकडा सोपा असतो. "किती कुत्रे राहिले" हे विचारलं, तरच कुठली गल्ली सुटली ते कळतं.

निकाल काय लागला?

२०१३ ते २०१९ या काळातल्या या कामावरचा शोधनिबंध २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' मध्ये आला. वर्षाला ९५ हजारांहून जास्त कुत्र्यांना लस आणि दीड लाख मुलांपर्यंत माहिती, एवढ्या पल्ल्यापर्यंत मोहीम पोहोचली होती. कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे रेबीजचे मृत्यू थांबले. २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. पण लसीकरण थांबवून चालत नाही. नवी पिल्लं जन्मतात, बाहेरून कुत्रे येतात.

गुलमंडीत मोजून पाहिलं

उत्सुकता म्हणून एका रविवारी पहाटे मी घराजवळच्या गल्ल्यांत लांबून, झूम करून कुत्र्यांचे फोटो काढले. १८ वेगवेगळे कुत्रे मिळाले. सोमवारी त्याच रस्त्याने २० दिसले, त्यातले १२ कालचेच. गणित असं: १८ × २० ÷ १२ = ३०. म्हणजे माझ्या गल्ल्यांत अंदाजे ३० कुत्रे आणि त्यांचे ७० टक्के म्हणजे २१.

मोहीम म्हटलं की डोळ्यांसमोर लाखांचे आकडे येतात. माझ्या गल्लीपुरता प्रश्न २१ कुत्र्यांचा आणि दर वर्षीच्या लसीचा आहे. देशाचं लक्ष्यही २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारे रेबीजचे मृत्यू शून्यावर आणण्याचं आहे.

कुत्रं चावलं तर लगेच काय करायचं?

* जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. फोनवर टायमर लावा. १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा बरीच मोठी असतात.
* हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावू नका.
* त्याच दिवशी दवाखाना गाठा. ओरखड्यातून थोडं जरी रक्त आलं असेल तरी.
* जखम खोल किंवा रक्ताळलेली असेल, तर लसीसोबत जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल डॉक्टरांना विचारा.
* डोस सहसा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असतात; लस स्नायूत दिली तर १४ व्या दिवशीही. कार्डाचा फोटो काढा आणि सगळ्या तारखांचे रिमाइंडर तिथेच बसून लावा.

माझा चुलतभाऊ तिसरा डोस विसरलाच होता. जखम भरली होती, दुकानात गर्दी होती. सकाळी नऊला रिमाइंडर वाजला आणि तो शटर अर्धं ओढून निघाला.